पावसात एका दिवसात दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर (आणि जमलं तर मुरुड), पुण्याहून. प्लॅन तपासून द्या प्लीज

झुळूक
नमस्कार मंडळी. आईबाबांना पावसातला समुद्र दाखवायचाय. दोघंही सत्तरीच्या आसपास. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार नको, पण गाडीत बसून ती कितीही तास मजेत जाते आणि बाबांना तर खिडकी मिळाली की झालं. मुक्काम शक्य नाहीये, दुसऱ्या दिवशी ऑफिस आहे आणि आईला परक्या गादीवर झोप लागत नाही. म्हणून जे काही बघायचं ते पहाटे निघून रात्री परत अशा हिशोबानेच.

डोक्यात असलेला प्लॅन असा. पहाटे ५ ला चांदणी चौक, पौड-मुळशी-ताम्हिणी करत माणगाव, तिथून म्हसळा, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथून उलटं दिघीला येऊन फेरीबोटीत गाडी घालून आगरदांडा, मुरुड, जंजिरा बघायचा, मग काशीद-रेवदंडा-अलिबाग करून वडखळ-खोपोलीवरून एक्स्प्रेसवेने घरी. मॅपवर बघितलं तर सगळं एका गोल चक्करमध्ये बसतंय असं वाटतं. गाडी लहान आहे, हॅचबॅक, चालवणारी मी एकटीच. तारीख पुढच्याच्या पुढचा रविवार, कारण त्यानंतर श्रावण लागतो आणि बाबांना मासे खायचेत.

मला विचारायचंय ते हे की एवढं सगळं होईल का, आणि नाही होत तर यातलं काय गाळू? पावसाळ्यात त्या बाजूला मी कधी गेलेली नाही, सगळ्या ट्रिपा डिसेंबरातल्या.

घाटवळण
ताई, एवढं होणार नाही. मॅप जो वेळ दाखवतं तो कोरड्या रस्त्याचा आणि न थांबता चालवण्याचा असतो. जुलैत ताम्हिणीत सकाळी धुकं असतं, आणि मुळशीपासून पुढे रविवारी धबधब्यांपाशी दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या असतात त्यामुळे एकच लेन उरते. पहाटे ५ ला निघालात तर जाताना ते टळेल, पण येताना संध्याकाळी तीच सगळी गर्दी तुमच्याबरोबर परत येते.

माझा हिशोब सांगतो, पटला तर बघा. ५ ला पुणे, ८ पर्यंत माणगाव, चहा-नाश्ता तिथेच आणि टाकी पण तिथेच फुल करायची. ९ च्या सुमारास म्हसळा (मध्ये घोणसे घाट लागतो, लहान आहे पण वळणं फसवी आहेत, उतारावर गिअर खालचा ठेवा), पावणेदहाला दिवेआगर. तासभर तिथे. मग भरडखोल-शेखाडीवरून समुद्राला चिकटून जाणारा रस्ता आहे तो घ्या, तोच खरा या ट्रिपचा गाभा आहे, त्यासाठी वेळ राखून ठेवा. साडेअकरा-पावणेबारा श्रीवर्धन, साडेबारा-एक हरिहरेश्वर. जेवण. आणि अडीचला काहीही झालं तरी गाडी परतीच्या दिशेला, म्हणजे ताम्हिणी उजेडात पार होतो. सूर्यास्त सव्वासातच्या आसपास असला तरी ढग असले की घाटात साडेसहालाच काळोख होतो आणि धुक्यात हेडलाइटचा काही उपयोग नाही, समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

एकटी ड्रायव्हर आहात, दोन ज्येष्ठ बरोबर आहेत, तर मुरुड-काशीद-अलिबाग यातलं काहीही जोडू नका. ती वेगळी ट्रिप आहे.

गोधडी
आणि जंजिरा तसाही बघायला मिळणार नाही. पावसाळ्यात राजपुरीहून सुटणाऱ्या होड्या बंद असतात, किल्ल्याच्या दारापाशी लाटांमध्ये होडी लावताच येत नाही. किनाऱ्यावरून बघायचा असेल तर दिसतो, म्हणजे पाऊस थांबला तर.

झुळूक
अरे बापरे, जंजिऱ्याचं माहीत नव्हतं. मग मुरुड कॅन्सल. पण फेरीबोट तरी करू का, बाबांना फार आवडेल गाडीसकट बोटीत जायला?

पोफळीवाडी
मी श्रीवर्धन तालुक्यातलाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट तारीख. तुम्ही जो रविवार धरलाय त्याच्या दुसऱ्या दिवशी आषाढी अमावस्या आहे. म्हणजे तो गटारीचा रविवार. त्या दिवशी आमच्याकडे किती गाड्या येतात आणि त्यातली किती माणसं शुद्धीवर असतात ते विचारू नका, आम्हाला त्याचा दरवर्षी त्रास होतो, किनाऱ्यावर बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात आणि पाण्यात उतरू नका सांगायला गेलं की अंगावर येतात. आईवडलांना घेऊन त्या दिवशी येऊ नका.

पण त्याहून महत्त्वाचं कारण भरतीचं. इकडे जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, आणि भर दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे तुम्ही किनाऱ्यावर पोचाल त्याच वेळेला पाणी वर, आणि ते पण उधाणाचं पाणी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं पण गणित कधी फार चुकत नाही, कारण भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. मोबाइलवर भरतीची कोष्टकं मिळतात ती पण बघा.

आता याचा तुमच्या ट्रिपशी संबंध असा की पावसाळ्यात अमावस्या-पौर्णिमेच्या दुपारच्या भरत्या वर्षातल्या मोठ्यांपैकी असतात. मुंबईला साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढतात ना, त्या याच. अशा भरतीला पाऊस पण जोरात असला की खाड्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबतं, मग सखल भागातले रस्ते, साकव, मोऱ्या यांच्यावर पाणी येतं. तेवढाच पाऊस अष्टमीच्या दुपारी पडला तर तासाभरात निचरा होतो.

म्हणून एक आठवडा पुढे ढकला. अमावस्येनंतरचा रविवार श्रावण शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या जवळ येईल, दुपारच्या आधी ओहोटी, आणि भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. मासे मात्र हुकतील.

फेरीबोट बागमांडल्याहून वेशवीला पण आहे, हरिहरेश्वरहून अगदी जवळ. सावित्रीची खाडी ओलांडते. पण पलीकडे गेलात की तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात, परत यावंच लागेल, आणि वारा वाढला तर फेरी थांबवतात. एका दिवसाच्या ट्रिपमध्ये परतीचा रस्ता बोटीवर अवलंबून ठेवू नये असं माझं मत आहे. बाबांना धक्क्यावर उभं राहून बोट लागताना बघू द्या, दहा मिनिटं लागतात, त्यात गाड्या कशा चढतात-उतरतात ते बघायला पण मजा येते.

लिंबूपाणी
तिथीची पाऊणपट हे मी पहिल्यांदा ऐकलं! लगेच कॅलेंडर घेऊन गेल्या महिन्यातल्या दोन तारखा कोष्टकाशी ताडून बघितल्या, वीस-पंचवीस मिनिटांचाच फरक आला. वद्य पक्षात पण परत एकपासून मोजायचं का?

पोफळीवाडी
हो, पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून एक.

दर्याकिनारी
माशांचं मी सांगते. झुळूक, बाबांना सांगा की रविवार कुठलाही असला तरी जुलैत ताजा समुद्राचा मासा मिळायची आशा धरू नका. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्र पण खवळलेला. त्या दिवसांत हॉटेलात जो पापलेट, सुरमई येते ती बर्फातली किंवा दुसरीकडून आलेली. आमच्या घरी तेव्हा सुकट, जवळा, सुके बोंबील, नाहीतर खाडीतलं जे काही मिळेल ते, आणि शेतातले मुठे, म्हणजे खेकडे. त्यामुळे श्रावणात गेल्याने काही बिघडत नाही, उलट श्रावणातलं जेवण जास्त चांगलं.

कुठल्या तरी घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा, आयत्या वेळी गेलात तर पावसाळ्यात माणसं कमी म्हणून स्वयंपाकच केलेला नसतो. वालाचं बिरडं मागा. भारंगीची किंवा टाकळ्याची भाजी असेल तर ती. फणसाच्या आठळ्या घातलेली अळूची पातळ भाजी. आणि नागपंचमीचा आठवडा असेल म्हणून विचारते, पातोळ्या मिळाल्या तर सोडू नका. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून आत गूळखोबरं घालून उकडतात, पान सोलताना जो वास येतो तो इतर कुठल्याही पदार्थाला नाही. मोदक वर्षभर मिळतात, हळदीची पानं फक्त आत्ताच.

साधासुधा
मी थोडं वेगळं मत मांडतो. ज्येष्ठ मंडळी आहेत, घाट नको, तर दक्षिणेकडे जाण्यापेक्षा अलिबाग-मुरुड पट्टा का नाही? एक्स्प्रेसवेने खोपोली-पेण-वडखळ, मग कार्लेखिंड उतरलं की अलिबाग. तिथून रेवदंड्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांमधूनच रस्ता आहे. रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदी रस्त्यावरूनच दिसते, मग कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव आणि थोडं पुढे कोर्लई. या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली घराघरात बोलतात, पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले तरी. किल्ल्यावर चढायची गरज नाही, खालून दीपगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावरूनच खाडीचं मुख आणि समुद्र एकत्र दिसतं. मग काशीद, आणि डावीकडे फणसाडचं जंगल. १९८६ पासून अभयारण्य आहे, त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. पावसात ते इतकं दाट होतं की रस्त्यावर झाडांचा बोगदा.

माझ्या मते पावसाळी कोकण पहिल्यांदा बघणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

घाटवळण
पट्टा सुंदरच आहे, वाद नाही. पण रविवारी वडखळ ते अलिबाग हा मुंबईकरांचा रस्ता. परतीला संध्याकाळी वडखळ नाक्यावर दीड-दोन तास गाडीत बसून आईच्या गुडघ्यांचं काय होईल? श्रीवर्धन लांब आहे म्हणूनच तिथे गर्दी कमी. आणि काशीदजवळचा जुना पूल २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीत कोसळला होता हे लक्षात असू द्या. त्या पट्ट्यात ओढे डोंगरावरून सरळ समुद्राकडे येतात, अंतर कमी, उतार जास्त, म्हणून पाणी फार पटकन चढतं.

साधासुधा
गर्दीचं मान्य. मधल्या वारी जमलं असतं तर मी अजूनही अलिबागच म्हणालो असतो.

एसटीप्रेमी
पुलांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो, कारण मी महाडजवळचा आहे आणि हा विषय आमच्याकडे कधीच जुना होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला, त्यात दोन एसट्या आणि इतर गाड्या वाहून गेल्या. रात्र, प्रचंड पाऊस, चालकांना पुढचा पूल नाहीये हे कळायला मार्गच नव्हता. नवा पूल पुढच्या जूनपर्यंत उभा राहिला. त्यानंतर २०२१ च्या जुलैत महाड शहर बुडालं आणि तळिये गावावर दरड आली. हे घाबरवायला सांगत नाहीये. हरिहरेश्वरला उभं राहून जे लाल-मातकट पाणी समुद्रात लांबवर गेलेलं दिसेल ते याच सावित्रीचं, महाबळेश्वरपासून आमच्या दारावरून आलेलं. ते पाणी किती गढूळ आहे त्यावरून वर काय पाऊस झालाय ते कळतं.

नियम साधे आहेत. साकवावरून पाणी वाहत असेल आणि कठडा किंवा कडेचे दगड दिसत नसतील तर गाडी घालायची नाही, पाणी घोट्याएवढं का असेना. थांबायचं. एसटी थांबली असेल तर आपण पण थांबायचं, एसटीचा चालक रोज तोच रस्ता करतो, त्याला कुठली मोरी कधी भरते ते पाठ असतं. घाटात धुकं असलं की एसटीच्या मागे अंतर ठेवून निघा, ओव्हरटेकच्या भानगडीत पडू नका. आणि चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून जायची जी पद्धत पडली आहे ती फार वाईट, मागच्याला कळतच नाही तुम्ही थांबलाय की वळताय. बुडालेल्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी ओढलं जातं.

हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर ट्रिप रद्द. म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याचा अंदाज. ऑरेंज असेल तर सकाळी निघायच्या आधी माणगाव-म्हसळ्याला कोणी ओळखीचं असेल तर फोन करा, नाहीतर त्या दिवशी नको. ताम्हिणीचं विचारायलाच नको, २०२४ च्या जुलैत तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटर पडला होता आणि घाट बंद ठेवावा लागला होता. अडचण आलीच तर ११२.

झुळूक
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, काय बोलू. तारीख पुढे ढकलली. मुरुड गाळलं, फेरीबोट फक्त बघायची. बाबांना माशांचं सांगितलं, ते म्हणाले बिरडं असेल तर हरकत नाही.

दोन शंका. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा बाबा करतो म्हणतायत, करू द्यावी का? आणि दिवेआगरला नेमकं काय बघायचं, किनारा सोडून?

पोफळीवाडी
प्रदक्षिणेचं स्पष्ट सांगतो. देवळामागून चढून पलीकडे दोन कातळांच्या मधून पायऱ्या उतरतात, त्या थेट समुद्राच्या खडकांवर जातात. उन्हाळ्यात ओहोटीला सुरेख आहे, कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीयेत, खारं पाणी आणि वारा यांनी. पावसाळ्यात तो खडक शेवाळलेला असतो, आणि भांगाच्या दिवशी भरती लहान असली तरी ओहोटी पण फार खोल जात नाही, शिवाय लांबून आलेली एखादी मोठी लाट तुमच्या तिथीला विचारून येत नाही. तिथे माणसं गेलेली आहेत, पोहता येणारी पण. पायऱ्यांच्या तोंडाशी दोरी लावलेली असेल तर पुढे जायचं नाही. लावलेली नसली तरी जीवरक्षकाला किंवा देवळात विचारल्याशिवाय नाही. सत्तरीच्या माणसाला मी पाठवणार नाही. वरून दिसतं तेवढं पुरे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर असा दर्शनाचा क्रम आहे.

दिवेआगरला सुवर्णगणेश. १९९७ मध्ये एका पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये दरोडा पडला आणि तो गेला, गावावर काय अवकळा आली होती ते आम्ही पाहिलंय, गणपती गेला तशी माणसं यायची पण थांबली. २०२१ मध्ये परत मिळालेल्या सोन्यातून मुखवटा घडवून प्रतिष्ठापना झाली. रूपनारायणाचं देऊळ नक्की बघा, मूर्तीच्या बाजूने दशावतार कोरलेत, शिलाहारांच्या काळातली आहे. गाव जुनंच, इथला एक मराठी ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे.

आणि एक विनंती. गावातल्या बोळांतून गाडी हळू न्या आणि वाड्यांकडे बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात आमच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. छपरं दोन महिन्यांत परत घातली, पण पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे इथली सुपारी, नावाजलेला, घरं त्यावर चालायची. तुम्हाला एकाच उंचीची तरणी झाडं ओळीने दिसतील आणि मध्येच एखादी जुनी, उंच, एकटी. ती तरणी सगळी वादळानंतरची. रस्त्याकडेला कोणी बाई सुपारी, कोकम, कुळीथ पीठ घेऊन बसली असेल तर घासाघीस न करता घ्या, एवढंच म्हणणं आहे.

दर्याकिनारी
हे वाचून भरून आलं. आमची पण वाडी तशीच गेली.

लिंबूपाणी
गाडीत टॉवेल, जुने पेपर, जास्तीच्या चपला ठेवा. वायपरची रबरं निघण्याआधी बदला, काच आतून धुरकटली की एसी चालू करून हवा काचेवर सोडा. गाडी वाळूत उतरवू नका, दुसरे उतरले तरी.

झुळूक
जाऊन आलो!!

आठवडाभर यलो अलर्ट होता आणि रविवारी पण तोच राहिला. ५ ला निघालो, ताम्हिणीत धुकं होतं पण गाड्या जवळजवळ नव्हत्या. दिवेआगरला दहाला पोचलो आणि तेव्हा असा पाऊस की गाडीतून उतरताच येईना, वीसेक मिनिटं तसेच बसलो, बाबांनी काच दोन बोटं खाली करून ठेवली होती. मग उघडलं. किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवल्या होत्या, शाकारलेल्या, वर झावळ्यांची झापं, त्याच्यावर निळं प्लॅस्टिक, आणि ते उडू नये म्हणून जुन्या जाळ्याने आवळून बांधलेलं, जाळ्याच्या टोकांना दगड. एक म्हातारेसे गृहस्थ एका होडीच्या गाठी तपासत होते, बाबा त्यांच्याशी बोलायला गेले ते परत येईनात. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र कसा शांत होत जातो, लाटांचा आवाज कसा बदलतो असं बरंच काही ते सांगत होते. केवडा पण मिळाला, आईने तो गाडीत डॅशबोर्डवर ठेवला आणि सबंध दिवस गाडीत वास.

घरं बघितली का तुम्ही पावसाळ्यातली? पश्चिमेच्या बाजूने पडवीला झडीपासून झापं लावून बंद केलेली आणि पूर्वेकडून पागोळ्या. आईचं लहानपण अशा घरात गेलंय हे मला माहीत होतं पण ती कधी बोलली नव्हती इतकी त्या दिवशी बोलली. पावसाळ्याआधी लाकूडफाटा कुठे रचायचे, कपडे चुलीवरच्या दोरीवर कसे वाळायचे आणि शाळेत सगळ्या वर्गाला धुराचा वास कसा यायचा.

शेखाडीचा रस्ता. घाटवळण, तुम्ही म्हणालात तसंच. डावीकडे डोंगर, त्यावरून पाणी रस्त्यावर येतंय आणि उजवीकडे तेच पाणी थेट समुद्रात. मी तीन-चार वेळा गाडी रुंद जागा बघून बाजूला घेतली, नुसतं बघायला. श्रीवर्धनला पेशवे स्मारकापाशी बाळाजी विश्वनाथांचा पुतळा बघून बाबा पेशवाईवर सुरू झाले, १७१३ पासून. ते हरिहरेश्वर येईपर्यंत चालू होतं.

हरिहरेश्वरला पायऱ्यांशी दोरी होती. बाबा एक शब्द बोलले नाहीत, वरूनच बघितलं. पाणी बाराला खाली होतं तरी लाट खडकावर आपटून पार वरपर्यंत तुषार येत होते. आणि हो, समुद्रात लाल पट्टा दिसत होता, मी त्यांना महाबळेश्वरचं सांगितलं.

जेवायला बिरडं, भारंगी, सोलकढी आणि पातोळ्या. आईने खानावळीतल्या काकूंना विचारून हळदीची पानं मागून घेतली. बागमांडल्याला जायला मात्र वेळ उरला नाही, पावणेतीन झाले होते. घोणसे घाटात एका ठिकाणी माती खाली आली होती, जेसीबी काम करत होता, अर्धा तास थांबलो. अडीचची मर्यादा का घातली होती ते तिथे कळलं, तो अर्धा तास हिशोबात होता म्हणून ताम्हिणी तरीही उजेडात झाला. घरी आठ.

घाटवळण
वा! मन लावून लिहिलंय. शेखाडीला थांबत थांबत गेलात हे उत्तम केलंत.

गोधडी
आमचा पण चौघांचा प्लॅन ठरतोय यावरून. मोटरसायकलवर एका दिवसात जमेल का? चौघंही चालवणारे आहेत.

पोफळीवाडी
झुळूक, आईंना नमस्कार सांगा, पुढच्या वेळी आमच्याकडे पडवीत बसून चहा घ्या.

गोधडी, मोटरसायकलवर श्रावणात एका दिवसात नको. भिजलेल्या अंगाने पाठीवर साडेतीनशे किलोमीटर पडतात, आणि परतीच्या घाटात हात आखडले की ब्रेक वेळेवर लागत नाही. मुक्काम करा, किंवा ताम्हिणी उतरून म्हसळ्यापर्यंतच या आणि मागे फिरा. टायर घासलेले असतील तर निघू नका, आमच्या जांभ्याच्या उतारावर चिखल साबणासारखा होतो. दोन दिवस काढता येत असतील तर नारळी पौर्णिमेच्या आधीचा आठवडा बघा, पण पौर्णिमेच्या दिवशी दुपारी भरती मोठी असते तेव्हा त्या दिवशी बंदरावर गर्दीत मागे उभे राहा, धक्क्याच्या कडेला नाही.

गोधडी
समजलं दादा. मुक्कामाचं बघतो, त्या आठवड्यात सप्तमी-अष्टमी कधी येते ते पण काढतो आणि इथेच लिहितो.